तापीची बोली

"म्हणा, 'अंगणातल्या राणीने कोणाला लोणी आणि पाणी दिले?'"

निकम सरांनी वाक्य सांगितलं आणि मान जराशी तिरकी केली. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यापासून ते समोरच्याकडे तोंड करत नसत, कान करत.

मी म्हणाले, "अंगनातल्या रानीने कोनाला लोनी..."

गर्गे वकील मोठ्याने हसले. रास्तेबाईंनी रुमाल तोंडाला लावला. त्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे त्यांना हसू दाबायची सवय होती. सर मात्र हसले नाहीत. ते कधीच हसत नसत, आवाजही चढवत नसत.

"राणीच्या जागी रान आलं," ते शांतपणे म्हणाले. "कुमारी बच्छाव, तुमच्या तोंडात ण जन्मालाच आलेला नाही. पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हणाले. मग पुन्हा. कधीतरी एखादा ण बरोबर लागला की सर शेजारच्या तिपाईवरची वाटी चाचपून खडीसाखरेचा एक खडा माझ्यापुढे धरत. तो मला सगळ्यांसमोर उचलून तोंडात टाकावा लागे. पहिल्या रविवारी मी तो मुठीत लपवला होता. सर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "चावल्याचा आवाज आला नाही."

दर रविवारी सकाळी ही बैठक सरांच्या गंगापूर रोडच्या बंगल्यात भरे. आधी मी वर्तमानपत्रातली पानं वाचून दाखवायची, सर त्यातल्या चुका काढायचे, आणि शेवटी चहाबरोबर माझी परीक्षा. गर्गे वकील एकदा रास्तेबाईंना म्हणाले होते, "आपल्याला आठवडाभर पुरतं हो हे."

मी साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातून बी.ए.च्या शेवटच्या वर्षासाठी नाशिकला आले होते. आमच्या घरात, शेतात, देवळात सगळीकडे अहिराणी. मराठी आम्ही वाचायचो आणि परीक्षेत लिहायचो, बोलायचो फक्त इन्स्पेक्टर शाळेत आला की. वसतिगृहात जागा मिळाली नाही तेव्हा कॉलेजातल्या एका बाईंनी सांगितलं, की निकम सरांना वाचून दाखवायला मुलगी हवी आहे, मागची खोली आणि दोन्ही वेळचं जेवण मिळेल. मला देव पावल्यासारखं झालं. कारण घरून निघताना वडिलांनी आईला माझ्यादेखत सांगितलं होतं, यंदा पास झाली तर पुढचं बघू, नाहीतर मालेगावचं स्थळ. मालेगावच्या माणसाचं टायरचं दुकान होतं आणि त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती.

म्हणून मी खडीसाखर चावत होते.

सर म्हणजे तेव्हा गावातलं मोठं प्रस्थ. पुण्यात मामांकडे वाढले, तिथेच शिकले, असं ते सांगत. शुद्ध मराठीवर त्यांचं सदर चालायचं, ते मी लिहून घेत असे. शिवाय लोक त्यांच्याकडे नावं मागायला येत. नव्या कापडदुकानाचं नाव, बंगल्याचं नाव, बारशाआधी बाळाचं नाव. एकदा एक जोडपं मुलीचं नाव 'पिंकी' ठेवायचं ठरवून, फक्त पत्रिकेतला मजकूर तपासून घ्यायला आलं. सरांनी त्यांना पाण्याचाही आग्रह केला नाही. फक्त विचारलं, "ही मुलगी पन्नास वर्षांची होईल तेव्हा तिला कोणत्या तोंडाने हाक मारणार आहात?" बाईचे डोळे भरून आले. जाताना ती दोघं 'अरुंधती' घेऊन गेली. सर मला म्हणाले, "लोकांना निवडता येत नाही, कुमारी बच्छाव. त्यांच्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या की ते घाबरतात आणि जे आपल्याला हवं असतं तेच उचलतात."

घरात सरांखेरीज एकच माणूस होतं. त्यांची पत्नी, मृणालिनीकाकू. मुलगा बडोद्याला होता.

पहिले पंधरा दिवस मला काकू मुक्याच वाटल्या. मग कळलं, बोलतात, पण मोजकं. "चहा." "ताट वाढलं." "हो." रास्तेबाई त्यांचं कौतुक करत. म्हणत, किती मितभाषी, सरांना शोभणारी. भाजीवाली दारात आली की काकू टोपलीतल्या भाजीवर बोट ठेवत आणि किती ते बोटांनीच दाखवत. जे टोपलीत वर दिसेल तेच त्या घरात शिजे. दारावर कुणी आलं तर आत येऊन म्हणत, "दारात गृहस्थ आलेत." कोण आलंय, असं कधी म्हणत नसत. जेवताना सरांपुढे पेला ठेवून "घ्या" म्हणत. लोणच्याला "आंब्याचं वाढू?" असं विचारत. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. मोठ्या घरात अशीच रीत असेल, असं वाटलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी सर त्यांच्या खोलीत निजले होते. मी मोरीतून घंगाळ उचलून नेत होते, ते हातातून सटकलं आणि सरळ पायाच्या अंगठ्यावर पडलं. मी कळवळून ओरडले, "वं माय वं!"

काकू ओट्याशी उभ्या होत्या. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "लागनं का वं माय?"

मी अंगठा विसरले. त्यांनीही तोंडावर हात ठेवला, जणू काहीतरी सांडलं होतं. मग सरांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. त्या माझ्याजवळ बसल्या, पाय मांडीवर घेतला आणि अगदी हळू विचारलं, "कोनता गावनी तू?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "बोल वं. थांबू नको. कितला वरीस व्हयनात, कोनी बोलनंच नही मनासंगे."

त्या दिवसापासून दुपारी सरांचं दार लागलं की आम्ही दोघी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी बसायचो. पहिल्यांदा कुजबुजत, मग जरा मोकळं. त्यांची बोली माझ्यापेक्षा जुनी होती, माझ्या आजीच्या तोंडचे शब्द त्यांच्या तोंडी होते. त्यांनी सांगितलेलं मी इथे साध्या मराठीतच सांगते.

त्यांचं खरं नाव तापी. माहेर शिरपूरकडे, तापीच्या काठी, म्हणून तापी. लग्नाच्या दिवशी तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, मृणालिनी. ते नाव त्यांना धड म्हणताही येईना. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला सर त्यांना घेऊन गेले. प्राचार्यांच्या पत्नीने कौतुकाने विचारलं, नाव काय तुमचं? त्या म्हणाल्या, "मुनालिनी." भोवतीच्या बायका हसल्या. कुणीतरी पुन्हा विचारलं, त्या पुन्हा तसंच म्हणाल्या, आणि पुन्हा हसू झालं.

"घरी आल्यावर रागावले?" मी विचारलं.

नाही, काकू म्हणाल्या. पाट मांडायला सांगितला, शांतपणे जेवले, आणि हात धुताना म्हणाले, यापुढे चार माणसांत बोलायची गरज नाही. घरात बोललीस तरी जपून. मग मुलगा झाला. त्याला झोपवताना ओव्या म्हणायच्या नाहीत, त्याचा कान बिघडेल, असं सांगितलं. मुलगा बापाकडून बोलायला शिकला. मुलाने आईला कधी भांडताना ऐकलं नाही, गाताना ऐकलं नाही. बडोद्याहून फोन आला की तो विचारी, "बरी आहेस ना?" आणि त्या म्हणत, "हो."

तेव्हा मला कळलं की त्या ज्या शब्दांत ण येतो ते शब्दच वापरत नाहीत. आयुष्यभर शब्द असे वाट वाकडी करून टाळत आल्या होत्या.

"पण सर पुण्याचे. त्यांना तुमचं स्थळ शिरपूरकडचं कसं सापडलं?" मी एकदा विचारलं. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, ते विचारू नको.

मी पुन्हा विचारलं नाही. मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. मला त्या घरात घरचं माणूस सापडलं होतं. तिथे दगडावर बसलेली बाई आणि सरांना चहा देणारी बाई, दोन वेगळ्या बाया होत्या. दगडावरची बाई मोठ्या आवाजाची, चावट, नकला करणारी. गर्गे वकिलांचं हसणं, रास्तेबाईंचा रुमाल, सगळं हुबेहूब. सरांची नक्कल तर अशी करायच्या, की मी पदर तोंडात कोंबून घेई. डोळे मिटून, मान तिरकी करून त्या अहिराणीत म्हणत, चावल्याचा आवाज आला नाही. आणि हसत. ते हसणं खोल घशातून यायचं, एखाद्या जाड बाईचं असावं तसं. त्या तर काडीसारख्या होत्या.

रविवारी सकाळी मी पुन्हा बाहेरच्या खोलीत उभी राहून खडीसाखर चावे. काकू चहाचा ट्रे आणत, माझ्याकडे न बघता ठेवत आणि जात. आता मला ते सोसवत होतं. दुपार यायची होती ना.

जानेवारीत एका रविवारी बैठक गर्गे वकिलांकडे ठरली. जेवणही तिकडेच होतं. सकाळी गर्गे आणि रास्तेबाई रिक्षा घेऊन आले आणि सरांना घेऊन गेले. मला सरांनी सांगितलं, "आज तुम्हाला सुट्टी. अभ्यास करा." रिक्षाचा आवाज लांब गेला आणि काकू म्हणाल्या, आज भरीत करू, आपल्याकडचं.

भाजीवालीकडून त्यांनी त्या दिवशी बोट न ठेवता, बोलून वांगी घेतली होती. हिरवी, मोठी, भरताची. भाजीवाली बघतच राहिली. गॅसवर वांगी भाजली, हिरव्या मिरच्या लसणाबरोबर कुटल्या. सगळ्या घरात खमंग धूर झाला. काकूंनी पदर खोचला, फरशीवर फतकल मारून बसल्या आणि वांगी ठेचता ठेचता लग्नातल्या गमती सांगू लागल्या. सासूची नक्कल केली, भटजीची केली. मग सरांची सुरू केली. नवरा मुलगा सप्तपदीच्या वेळी भटजीचे उच्चार कसे सुधारत होता ते. आवाज चांगलाच चढला होता. आम्हाला अडवणारं कुणी नव्हतं. मी हसून हसून भिंतीला टेकले होते, मला बोलताही येत नव्हतं.

"ही कोण बाई आली आहे आपल्याकडे?"

सर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. एका बाजूला गर्गे वकील, दुसऱ्या बाजूला रास्तेबाई.

काकूंचा हात वांग्यावरच थांबला.

"शाल राहिली म्हणून परत आलो," सर म्हणाले. शाल त्यांच्या खांद्यावर होती. "बाहेरूनच आवाज ऐकला. आपल्या घरात असा आवाज मी कधी ऐकला नाही. म्हणून विचारलं. कोण आहे?"

गर्गे आणि रास्तेबाई काकूंकडे बघत होते. फरशीवर पाय पसरून बसलेल्या, कोपरापर्यंत भरताने माखलेल्या, चेहऱ्यावर अजून हसू राहिलेल्या काकूंकडे. ते आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काकूच बोलत होत्या. मी तर श्वास घ्यायला धडपडत होते.

"मृणालिनी?" सर म्हणाले.

काकू उठल्या. पदर सोडला, खांद्यावर घेतला. आणि स्वच्छ, सावकाश मराठीत म्हणाल्या, "ही छाया. तुम्ही बाहेर पडलात की तुमची नक्कल करते. किती वेळा बोलले मी हिला. ऐकत नाही."

त्या घरात मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात लांब बोलणं. त्यात एकही ण नव्हता.

"आणि हसत होतं कोण?"

"तीच."

मला आधी राग आला नाही. मला वाटलं, काकू माझ्याकडे बघतील आणि डोळ्यांनी काहीतरी सांगतील. त्यांनी बघितलं. भाजीच्या टोपलीत नको असलेल्या भाजीकडे बघावं तसं.

"सर," मी म्हणाले, "तो माझा आवाज नव्हता. काकू बोलत होत्या."

"कोणत्या भाषेत?"

"अहिराणीत."

"माझ्या पत्नीला अहिराणी येते?" सरांनी काकूंच्या दिशेला कान केला. "येते का ग तुला?"

काकू म्हणाल्या, "नाही."

"गर्गे, तुम्हाला डोळे आहेत. तुम्ही सांगा. कोण बोलत होतं?"

गर्गे वकिलांनी घसा खाकरला. ते कोर्टात उभे असल्यासारखे म्हणाले, "मुलगीच असावी. आम्ही आलो तेव्हा धूर फार होता."

"रास्तेबाई?"

रास्तेबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या वर्गात कधी खोटं बोलल्या नसतील. त्यांना माझ्याविषयी काही वाटत असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. पण बोलल्या त्या स्पष्टच. "मुलगीच होती."

"मग आता ते पुन्हा म्हणून दाखवा, कुमारी बच्छाव," सर म्हणाले. "त्याच आवाजात. आम्ही उभे आहोत."

मी नाही म्हणाले. सर थांबले. त्यांना थांबता येत असे, समोरचा मोडेपर्यंत. शेवटी मी ते वाक्य म्हणाले, सप्तपदीचं, जे काकूंनी म्हटलं होतं. माझा आवाज बारीक, रडका येत होता. आंधळा सोडा, बहिरा माणूसही सांगू शकला असता की मघाचा आवाज हा नव्हे.

सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हो. हाच."

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली. परीक्षेला दोनेक महिने होते. मी म्हणाले, परीक्षेपर्यंत राहू द्या, मी तुमच्यासमोरही येणार नाही. सर म्हणाले, "समोर आलात तरी मला कुठे दिसणार आहात?" गर्गे वकील त्यावर हसले. सवयीनेच हसले असतील.

मी पेटी भरत होते तेव्हा काकू मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. मी दारात जाऊन उभी राहिले. "तापीमावशी," मी हाक मारली. एवढे दिवस मी त्यांना त्या नावाने हाक मारायची हिंमत केली नव्हती. त्यांनी नळ मोठा सोडला.

पेटी घेऊन मी फाटकापाशी आले. मागून काठीचा आवाज आला. सर भिंतीला हात लावत एकटेच फाटकापर्यंत आले होते. बाकीचे आत चहा पीत होते. मला वाटलं, काही राहिलं असेल, किल्ली वगैरे.

ते माझ्या अगदी जवळ आले आणि हळू म्हणाले, "माले दुपारले झोप येत नही, पोरी. समदं ऐकू ये."

मला आधी शब्द कळलेच नाहीत. कारण ते त्यांच्या तोंडून येत होते. आमच्या गावात पारावर बसलेला म्हातारा बोलेल तसे, ना अडखळ, ना जोर.

"तुम्ही कोनता गावना?" मी विचारलं.

"तिनं गाव नदीना आल्याडे. मनं पल्याडे."

म्हणजे पुणं नव्हतं, मामा नव्हते, काही नव्हतं. आणि दोन-अडीच महिने, रोज दुपारी, तो माणूस त्या बंद दारामागे पडून आपल्या बायकोची बोली ऐकत होता. तिचं हसणं ऐकत होता. ती त्याचीच नक्कल करत होती, तेही. त्या आवाजाचं त्याला काय होत होतं ते मला कधी कळलं नाही. सुख होत होतं की नाही, कुणास ठाऊक.

"मग आजच का?" मी म्हणाले. "आधीच का नाही थांबवलं?"

"थांबाडानं नव्हतं माले." सरांनी शाल खांद्यावर नीट केली. "माले फक्त देखनं व्हतं, चार मानसेसमोर ती काय निवडस ते."

'मानसे' म्हणताना त्यांचा न माझ्यासारखाच लागला.

"आते देखी लिधं," ते म्हणाले, आणि लगेच, पुन्हा त्या दुसऱ्या आवाजात, "सांभाळून जा, कुमारी बच्छाव. रस्त्यात खडी टाकली आहे."

मी दोन दिवस एका मैत्रिणीकडे काढले. तिच्या घरमालकाने हरकत घेतली आणि मी गावी परत आले. आईने विचारलं, काय झालं? मी म्हणाले, जमलं नाही. परीक्षेला जाण्यायेण्याचं, राहण्याचं काही जुळेना, तीन पेपर बुडाले. त्या उन्हाळ्यात माझं लग्न मालेगावच्या टायरवाल्याशी झालं. पुढची वर्षं कशी गेली ते या गोष्टीत बसत नाही. एवढं सांगते, की मी बाहेरून बी.ए. केलं, बी.एड. केलं, आणि मुलाला घेऊन नाशिकला एका शाळेत नोकरीला लागले. विषय मराठी. माझे उच्चार चांगले आहेत, असं सगळेच म्हणतात. माझ्या मुलाला अहिराणी येत नाही.

सर वारल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं. फोटो होता, खाली भाषेचे उपासक वगैरे. मी पान उलटलं.

त्यानंतर वर्षभराने रास्तेबाई शाळेत आल्या. आता थकल्या होत्या, काठी होती. शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत मी त्यांना चहा दिला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मृणालिनीबाई फार आजारी आहेत. मुलगा आलाय बडोद्याहून. डॉक्टरांनी आशा सोडली आहे."

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

"सर गेल्यापासून त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. हो-नाहीसुद्धा नाही. आम्हाला वाटलं, दुःखाने. पण परवापासून ताप चढला आणि बोलायला लागल्या. अखंड. कुणाला काही कळत नाही. मुलगा बिचारा तोंडाजवळ कान नेऊन बसतो, त्यालाही कळत नाही. तो रडायला लागला काल. म्हणाला, आई मला काहीतरी सांगतेय. आम्हाला फक्त तुझं नाव कळलं. दोन-तीनदा आलं." रास्तेबाईंनी कप खाली ठेवला. "म्हणून आले ग. तू येशील का? नुसती शेजारी बसलीस, दोन शब्द बोललीस, त्या काय म्हणताहेत ते त्याला सांगितलंस, तरी..."

"रास्तेबाई," मी म्हणाले, "त्या दिवशी स्वयंपाकघरात कोण बोलत होतं?"

शेजारच्या टेबलावरच्या बाई वह्या तपासत होत्या, त्यांनी वर पाहिलं.

"छाया, आता इतक्या वर्षांनी..."

"कोण बोलत होतं?"

"मृणालिनीबाई," रास्तेबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला माफ कर. त्याच बोलत होत्या."

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही तेव्हा सांगितलंत तेच बरोबर. मीच बोलत होते. मृणालिनीबाईंना ती भाषा येत नाही. सरांनी त्यांना विचारलं तेव्हा मी स्वतः ऐकलंय, त्या नाही म्हणाल्या."

"अग, पण त्या आत्ता..."

"तापात माणूस काहीही बडबडतं. त्याला अर्थ नसतो. त्यांच्या मुलाला तसं सांगा, म्हणजे तो उगाच कान देऊन बसणार नाही."

रास्तेबाईंनी चहा अर्धाच ठेवला. मग काठी घेऊन उठल्या. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं, त्यांचा हात धरून पायऱ्या उतरवल्या, रिक्षा थांबवून दिली. घंटा झाली तशी वर्गावर गेले.

काकू त्यानंतर दोन दिवस होत्या. रास्तेबाईंनीच फोन करून कळवलं. म्हणाल्या, शेवटपर्यंत बोलत होत्या, मध्ये एकदा हसल्यासुद्धा, खूप मोठ्याने. काय बोलल्या ते कुणालाच सांगता आलं नाही.